कानपिळीचं गाणं

हौसराव रासकरांना गाणं कुणी गायलंय हे विचारायचं नाही. संगीत कुणाचं, हेही विचारायचं नाही. हे गाणं कुठल्या वस्तीवर, कुणाच्या मांडवात वाजलं आणि तेव्हा कोण कुणावर रुसून बसलं होतं, एवढं मात्र ते तारखेसकट सांगतात. "गाणाऱ्याचं नाव कव्हरवर असतंय," ते म्हणतात. "कुठं वाजलं ते माझ्यापाशी हाय." यात फुशारकी नाही. पाटसच्या आसपास तीस वर्षं त्यांच्या भोंग्याशिवाय बारसं नव्हतं की जावळ नव्हतं. सकाळी रानातला झेंडू तोडायचा आणि दुपारी सायकलला भोंगे बांधून निघायचं, असा त्यांचा दिवस. डीजेच्या भिंती आल्या तेव्हा त्यांनी भोंगे माळ्यावर टाकले, पण कॅसेटी कुणाला हात लावू दिल्या नाहीत.

गेल्या दिवाळीआधी दौंडच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डावा कान गेलाय, उजवा वर्षभर साथ देईल. मशीन लावलं की बोलणं कळेल, गाणं मात्र नुसता खडखडाट वाटेल. सूनबाई नीलम हे ऐकून डोळे पुसायला लागली. हौसरावांनी बाहेर येऊन रसवंतीवर दोन ग्लास रस सांगितला आणि तिला म्हणाले, "रडती कशाला? वर्ष हाय की हातात."

त्यांनी दौंडमधल्या एका दुकानात सगळ्या कॅसेटी नेऊन पेन ड्राइव्हवर घेतल्या. दुकानदारानं काम चोख केलं, फक्त नावं घातली नाहीत. अकराशे सेहेचाळीस गाणी, आणि सगळ्यांच्या कपाळी नुसता नंबर. त्यात बाजाराच्या कॅसेटी होत्या, तशी देवळातली भजनं होती, जात्यावरच्या बायका होत्या, निवडणुकीच्या रिक्षावरची आरडाओरड होती. हौसरावांनी ठरवलं, कान शाबूत आहे तोवर एकेका गाण्यावर बोलायचं. नीलमनं ते फोनवर रेकॉर्ड करायचं.

नीलम पाटसला मेडिकलमध्ये कामाला. ती निघायच्या आधी, सकाळी सात ते आठ, ओट्यावर त्यांची बैठक बसायची. ती फोनवर उतरवलेल्या गाण्यांवर शफल दाबायची आणि ते उजवा कान ब्लूटूथच्या डब्याला लावायचे. नियम हौसरावांनीच घातले होते. गाणं निवडायचं नाही, येईल ते घ्यायचं. गाणं संपायच्या आत बोलायचं. आणि आलेलं गाणं माघारी पाठवायचं नाही. बोलून झालेलं गाणं नीलम 'झालेली' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची.

"ही गवळण. भैरूच्या पोराचं जावळ. मागं कुत्रं भुकतंय ते ऐक, भैरूचंच. मटणाच्या पातेल्यापाशी बांधलं व्हतं."

"हे कारखान्याची पहिली उसाची मोळी टाकायच्या दिवशी लावलं. लाइटीचा जोर कमी, म्हणून गाणारनीचा आवाज पार बाप्यासारखा झाला व्हता. पाव्हणे म्हनले, कोण हो हा बुवा?"

"ही आरती न्हाई, प्रचाराचं गाणं हाय. चाल आरतीची. म्हाताऱ्या हात जोडून उभ्या राह्यल्या आन् मत दुसऱ्याला दिलं."

असं चाललं होतं. ताप आला तरी त्यांनी बैठक चुकवली नाही. मुलगा चाकणहून सुट्टीला आला आणि म्हणाला, आबा, कोण ऐकणारे हे? तर त्याला म्हणाले, "तू नको ऐकू. मी बोलणार." अशा माणसापुढे आपण काय बोलणार!

पण एक गाणं आलं की हेच हौसराव म्हणायचे, "पुढं." बासरीनं सुरू होणारं, बाईच्या आवाजातलं, संथ गाणं. पहिल्यांदा नीलमला वाटलं, आठवलं नसेल. ते गाणं 'झालेली'त गेलं नाही, मागंच राहिलं. आणि गंमत अशी, की बाकीची गाणी निघून चालली तसं ते वरचेवर पुढ्यात यायला लागलं. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग रोज. शेवटी एका सकाळी ते तीनदा आलं, तेव्हा त्याच्यासकट तेवीस गाणी उरली होती. हौसराव तिसऱ्यांदा "पुढं" म्हणाले आणि नीलमनं फोनच खाली ठेवला.

"मामा, नियम कुणाचा?"

"माझा."

"मग मोडतंय कोण?"

हौसरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "हे अक्काच्या लग्नातलं हाय."

साखरबाई त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हौसराव आठ वर्षांचे आणि अक्का बाराची. तिनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं आणि शाळेला हाकललं. घर सोडायला नको म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत तिचं लग्न लांबलं, मग शिरूरच्या सोपानरावांशी ठरलं. हौसराव एकोणीस वर्षांचे. भोंगे त्याच साली आणलेले. बहिणीच्या लग्नात त्यांनी मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, म्हणजे बहिणीला नीट सांभाळायची ताकीद द्यायची, आणि त्याबद्दल मानाची टॉवेल-टोपी घ्यायची. भटजींनी तीनदा हाक मारली. हौसराव आले नाहीत. शेवटी चुलतभावानं कान पिळला.

मागून हौसराव म्हणाले, टेप गुंतली होती, पेन्सिलीनं गुंडाळत बसलो होतो. सगळ्यांना पटलं. साखरबाई दिवाळीला येत राहिली, भाऊबीज होत राहिली. पण तिच्या घरात या भावानं कधी गाणं लावलं तर ती उठून बंद करायची. एकदा चारचौघांत म्हणाली होती, "माझ्या लग्नात भाऊ नव्हता, भोंगा व्हता." लोक हसले होते. हौसरावही हसले होते.

"मग टेप गुंतली होती, एवढंच बोला ना," नीलम म्हणाली.

हौसरावांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "उद्या सुट्टी टाक. शिरूरला जायचंय. हे गाणं हितं बोलायचं न्हाई."

चौफुल्याला एसटी बदलून न्हावऱ्यावरनं दोघं शिरूरला उतरली. साखरबाई दारातच शेंगा फोडत बसली होती. सोपानराव, सत्तरीचा भला माणूस, खुर्चीवर पेपर तोंडावर घेऊन पडले होते. चहा झाला. हौसरावांनी पिशवीतून डबा काढून मधोमध ठेवला आणि नीलमला खूण केली. बासरी सुरू झाली.

साखरबाईचा हात सवयीनं बटणाकडं गेला. "अक्का," हौसराव म्हणाले, "आज बंद करू नको. मला नियमाप्रमाणं हे सरायच्या आत बोलायचंय."

कान डब्याला लावून ते बोलायला लागले. "हे गाणं अक्काच्या लग्नात वाजलं. कानपिळीला. टेप गुंतली व्हती असं मी सांगितलं."

"खोटं," साखरबाई म्हणाली.

हौसरावांना नीट ऐकू आलं नाही. ती जवळ सरकली आणि त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "खोटं बोललास, हौशा. टेप गुंतली व्हती तर गाणं कसं वाजत व्हतं? मी पाटावर बसून सगळं ऐकलं. पार शेवटपातुर. एकदा बी अडाकलं न्हाई."

एवढी वर्षं तिला ठाऊक होतं! हौसरावांनी बहिणीकडं पाहिलं.

"व्हय. खोटं बोललो. भटजीची हाक ऐकली मी, तीनदा. उठवंना. कान पिळला की तू चालली. मशीनखाली तोंड घालून लहान पोरागत रडत व्हतो. एकोणीस वर्षांचा बाप्या, रडत आलो असतो तर लोक काय म्हणले असते? म्हणून आवाज आणखी वाढवला."

साखरबाईच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. "आन् मला वाटलं," ती म्हणाली, "याला बहिणीपेक्षा ते डबडं प्यारं." मग पदरानं तोंड पुसलं आणि एकदम नवऱ्यावर खेकसली, "अहो, पेपर ठेवा! पुढं या."

सोपानरावांनी पेपर खाली ठेवला. "मी काय केलं?"

"काय न्हाई केलं. मान खाली घाला. हौशा, पीळ."

सोपानरावांनी मुकाट्यानं चष्मा काढला आणि मान वाकवली. हौसरावांनी दाजींचा पिकला कान चिमटीत धरून असा पिळला की म्हातारा 'अयाई' करून ओरडला. "माझ्या बहिणीला नीट सांभाळा," हौसराव म्हणाले.

"आता सांगतोस व्हय?" सोपानराव कान चोळत म्हणाले. "एवढी वर्षं काय केलं मग मी?"

साखरबाई आत गेली. ट्रंक उघडल्याचा, बंद केल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं भावाच्या मांडीवर एक टॉवेल आणि एक टोपी ठेवली. टोपी जुनी होती, घडीवर पिवळी पडलेली, एकदाही न घातलेली. चुलतभावाला त्या दिवशी दुसरी दिली होती.

हौसरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती घातली. लहान झाली होती, तरी तशीच ओढून बसवली. गाणं कधीच संपलं होतं, डबा गप्प होता. त्यांनी कान पुन्हा डब्याला लावला आणि नीलमला म्हणाले, "हे टाक 'झालेली'त. आन् पुढचं लाव, बावीस राह्यलीत."