उपनगराध्यक्ष निवडायची सहल

मी नगरपरिषदेत निवडून आले ती नळाच्या पाण्यासाठी. माझ्या गल्लीत टँकरशिवाय पाणी नव्हतं. पण आधी उपनगराध्यक्ष निवडायचा होता. आमच्यातलं कुणी फुटून विरोधकांना मिळू नये म्हणून नेत्यानं आम्हा सगळ्या नगरसेवकांना सहलीला नेलं, पार महाबळेश्वरला. बसमध्ये चढतानाच मोबाइल काढून घेतले.

"आराम करा ताई, गावाचं आमी बघतो," नेत्याचा भाऊ म्हणाला.

कसला आराम! हॉटेलच्या फाटकावर त्याचीच माणसं. बागेत फेरी मारायला निघालं तरी एक जण मागं यायचा.

मतदानाच्या सकाळी बस गावात आली ती माझ्याच गल्लीसमोरून. टँकरपाशी बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. "दोन मिनिटं थांबवा, मला बोलायचंय त्यांच्याशी," मी उठून म्हणाले. भाऊ दारात आडवा उभा राहिला.

"नंतर बोला की. पाच वर्षं हायेत."

शेजारच्या काकू बसमागं धावल्या. "आगं, उतर की! कोंडून ठेवलंय का काय तुला?" बस थांबली नाही.

सभागृहात पुकारलेलं नाव मला धड ऐकूही आलं नाही. बाजूच्या बाईंचा हात वर गेला, तसा माझाही गेला.

गुलाल अंगावर घेऊनच गल्लीत परतले. काकू टँकरखाली घागर धरून होत्या.

"सुटलीस का गं बाई?"

कसली सुटका! पाच वर्षं तर आत्ता कुठं सुरू झाली होती.