देठ खुडताना मोजलेली पावलं

अक्षर वाईट आहे, त्याची माफी आधीच मागते. चौथीनंतर शाळा सुटली आणि पेन हातात आला तो फक्त सही करायला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, एखादा काना राहिला असेल. तसं हे वाचणारं कोणी नाही. लेकीच्या बारावीच्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहायचं. तेही रोज होत नाही. घरी आल्यावर अंगात त्राण राहत नाही.

दिवाळीच्या आधी माझ्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला. नंदुरबारच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीएवढ्या आहेत. त्या म्हणाल्या, गोळ्या घ्या आणि रोज चाला. चालणं झालं नाही तर पुढे इन्शुलिन लागेल, रोज, पोटात. मला साखरेची भीती नव्हती, त्या सुईची होती. सासूबाईंना शेवटची चार वर्षं मीच टोचत होते. एक जागा दुखरी झाली की दुसरी शोधायची. त्या डोळे मिटून घ्यायच्या. मला टोचायची वेळ आली तर घरात आहे कोण? नवऱ्याचा हात रिक्षा चालवून चालवून थरथरतो.

लेक लोणखेड्याला दिली आहे. ती ब्लाउज शिवते. दिवाळीला आली तेव्हा शिलाईच्या पैशातून माझ्यासाठी ते नव्या तऱ्हेचं घड्याळ घेऊन आली. पावलं मोजतं, नाडी बघतं, झोप बघतं. अठ्ठावीसशे रुपये. माझ्या डाव्या हातात सांधेदुखीसाठी तांब्याचं कडं आहे, म्हणून तिने ते उजव्या हातात बांधलं. दिलेल्या लेकीच्या पैशाचं घेणं आमच्यात बरं मानत नाहीत. मी तिला म्हटलं, पैसे परत देईन. ती हसली. मी मात्र मनात धरलं.

माझं काम मिरचीच्या पथारीवर. शहराबाहेर मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात, ती पथारी. आम्ही बाया तिथे ढिगाशी बसून मिरचीचे देठ खुडतो आणि संध्याकाळी वजनावर मजुरी मिळते. तोंडाला फडकं, हाताला तेल, तरी रात्री बोटं पेटतात. लेकीचे पैसे फेडायचे म्हणून मी रोज एक तास जास्त बसू लागले. सकाळी नवऱ्याच्या रिक्षातून जायचं, दिवसभर बसायचं, संध्याकाळी रिक्षातूनच यायचं. चालणं असं कुठे होत नव्हतं.

तरी घड्याळात पहिल्याच दिवशी नऊ हजार पावलं दिसली. दुसऱ्या दिवशी अकरा हजार, आणि काचेवर रंगीत फटाके उडाले. लेकीच्या मोबाईलमध्येही ते दिसायचं. तिचा फोन आला, आवाजातूनच कळत होतं की ती खूश आहे. म्हणाली, तिने सासरी सगळ्यांना दाखवलं, माझी आई या वयात रोज दोन कोस चालते.

मला तिसऱ्या दिवशी उमगलं. एक पाटी खुडायच्या आधी आकडा बघितला आणि पाटी संपल्यावर बघितला. मी जागची हललेसुद्धा नव्हते आणि आठशे पावलं वाढली होती. देठ खुडताना उजव्या हाताला झटका बसतो, त्यालाच ते घड्याळ पाऊल समजत होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. कारण लिहायला लाज वाटते. मला आयुष्यात कोणी शाबासकी दिली नव्हती. शाळेत मागे बसायचे, घरात सगळ्यांच्या नंतर जेवायचे. आणि आता रोज संध्याकाळी लेक फोन करून म्हणायची, माय, आज बी दहा हजार. मी हूं म्हणायचे. खुडताना कधी कधी हात जरा जोरात हलवायचे, हेही खरं आहे.

घड्याळ तसं वाईट नाही, हे लिहून ठेवते. गोळीच्या वेळेला ते मनगटावर थरथरतं, त्यामुळे दुपारची गोळी कधी चुकली नाही. मिरचीच्या हाताने मोबाईल काढता येत नाही, पण फोन कोणाचा ते हातावरच कळतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाडीही बऱ्यापैकी बरोबर दाखवतं. पण पट्ट्याखाली मिरचीची पूड जाऊन बसते आणि मनगट लाल होतं. अक्षरं सगळी इंग्रजी. दर चार दिवसांनी चार्जिंगला लावायचं, आणि आमच्याकडे त्याच वेळेला लाईट जाते. सकाळी ते सांगतं, तुमची झोप कमी झाली. ते मला माहीत असतं, घड्याळाने काय वेगळं सांगितलं? दुपारी बसल्या बसल्या उठायचं चित्र दाखवतं. उठले तर वजन कमी भरतं. त्या चित्राला ते कसं कळणार?

संक्रांतीनंतर पुन्हा रक्त दिलं. साखर होती तिथेच, उलट काकणभर वर. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं, आकडे वर-खाली करून पाहिले आणि विचारात पडल्या. म्हणाल्या, इतकं चालून उतरत नसेल तर मग इंजेक्शनच सुरू करावं लागेल. मी खाली बघत बसले. नवरा बाजूला उभा होता. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहायला सुरुवात केली, तेव्हा मला सासूबाईंचे मिटलेले डोळे दिसले.

मी म्हटलं, "बाई, मी चालत नाही. मी मिरची खुडते."

त्यांना कळलं नाही. मग मी टेबलावर हात धरून खुडून दाखवलं. घड्याळात चार पावलं वाढली. त्या हसल्या नाहीत. लिहिलेलं खोडलं आणि तीन महिने दिले. खरं चाला, म्हणाल्या.

नवरा रिक्षात बसल्यावर म्हणाला, "इतला दिन बठी बठी तू तोरणमाळना डोंगर चढी गयी." मला हसू आलं नाही.

लेकीला त्याच संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माय, मी ते सासरमा समदासले सांगं." मी म्हटलं, सांग आता की माय खोटं बोलली. ती म्हणाली, "खोटं तू नही, घड्याय बोलनं." पण तिचा आवाज पडला होता. आठवडाभर तिचा फोन आला नाही.

मी घड्याळ डाव्या हातात बांधून पाहिलं, तो हातही हलतोच. काढून पिशवीत ठेवलं तर गोळीचं कळेना. शेवटी काळा गोफ जोडून पट्टा लांब केला आणि घड्याळ पायात बांधलं, लुगड्याच्या काठाखाली. पथारीवर शेजारी बसणारी म्हातारी रोज विचारायची, "वं बहिन, पायले कितला वाजनात?" बाया खिदळायच्या. मी मान खाली घालून खुडत राहायचे. पाय खोटं बोलत नव्हता. पहिल्या दिवशी सहाशे पावलं भरली.

नुसतं चालायला म्हणून रस्त्यावर जायची मला लाज वाटते. आमच्या बाजूच्या कॉलनीतल्या बाया बूट घालून फिरतात, तसं मला जमणार नाही. म्हणून रिक्षा सोडली आणि डब्याची पिशवी घेऊन पथारीवर पायी जाऊ लागले, पायीच परत. कामाला निघालेल्या बाईकडे कोणी बघत नाही. जाताना पाऊण तास, येताना तास. पहिले पंधरा दिवस पोटऱ्या इतक्या दुखायच्या की भाकरी थापताना पाटावर टेकून बसावं लागायचं. पोचायला उशीर, म्हणून वजन कमी, म्हणून पैसे कमी. लेकीचे फेडायचे होते ते लांबत गेले. कधी दोनशे, कधी दीडशे, ती माहेरी आली की तिच्या पर्समध्ये घालायचे. ती ओरडायची, मी ऐकायचे नाही.

घड्याळ पुन्हा घेशील का, असं कोणी विचारलं तर दोन्ही बाजू सांगाव्या लागतील. चालले मीच, घड्याळ नव्हे. त्याने आधी तीन महिने फसवलं, आणि फसवून घ्यायला मीच तयार होते. पण पायात बांधल्यावर संध्याकाळी आकडा कमी दिसला की मी घराला एक वळसा जास्त घालायचे, हेही त्याचंच काम.

चैत्रात पथारी संपली. रक्त दिलं. साखर उतरली होती, फार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शन आत्ता नको, गोळ्या आणि चालणं चालू ठेवा. आत्ता नको, एवढंच. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आनंद झाला असावा, पण थकवा जास्त होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, लेक आली. आंब्याचा रस, पुरणाची पोळी झाली. ती झोक्यावर बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि शेवटचे साडेतीनशे तिच्या मांडीवर ठेवले. ती नको म्हणाली नाही. नोटा तिने एकदा मोजल्या, रुमालात बांधल्या आणि म्हणाली, "माय, फिटनात. आते बाकी नही."