कासवांचं गाव

नेपरव्हिलच्या देवळात परवा गाभाऱ्यासमोर दगडी कासव बसवलं, आणि मला इथल्याच इलिनॉय राज्यातलं एक नदीकाठचं खेडं आठवलं. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्यांना दाखवायला म्हणून मी तिथे नेलं होतं. चौकात कासवाचा पितळी पुतळा होता. वसल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात गाव कासवं खाऊन जगलं, असं तिथल्या छोट्या म्युझियममधल्या आजींनी अभिमानाने सांगितलं. मक्याच्या शेतांतून ओल्या चिखलाचा वास येत होता आणि समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला आम्हाला हात करत होता. "काय बाई माणसं ही! ओळख ना पाळख, तरी हात करतात," सासूबाई भारावून म्हणाल्या आणि त्याही प्रत्येकाला हात करू लागल्या. नदीजवळ रस्त्यात एक भलंमोठं कासव दिसलं. अंडी घालायला ते पलीकडच्या रेतीकडे सावकाश निघालं होतं. "थांब गं, आधी त्याला जाऊ दे," म्हणत सासूबाई गाडीतून खाली उतरल्या आणि देवळात जोडावेत तसे त्यांनी हात जोडले. कासव कडेला पोचतच होतं, तेवढ्यात समोरून एक पिकअप आली. अख्खा रस्ता रिकामा असताना ड्रायव्हरने मुद्दाम स्टिअरिंग वळवलं, चाक कासवावरून नेलं आणि हसून आम्हाला हात केला. सवयीने सासूबाईंचाही हात वर गेला. मग त्यांना डांबरावर फुटलेली अंडी दिसली, आणि तो हात खाली कसा घ्यावा हेच त्यांना कळेना. देवळात आता सगळे कासवाला हात जोडतात. मीही जोडते, पण खाली बघत नाही.