धवलारणीचा खोकला

राहनाळच्या आनंदीबाईंशिवाय आसपासच्या आगऱ्यांत हळद लागत नसे. भटजी उशिरा आला तर चालेल, धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी धवलारीण वेळेवर हवी. आनंदीबाई नवरीचा चेहरा दोन्ही हातांत धरायच्या, हळद माखत अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन गायच्या. गेल्या लग्नसराईपासून त्यांना खोकला लागला होता. "गाऊन गाऊन गला बसलाय," त्या म्हणायच्या. गाणारणीचा घसा बसायचाच, म्हणून त्यांच्या लेकीने, ऋतिकाने, ज्येष्ठमध आणून दिलं आणि विषय संपवला.

लेक मोठी हुशार. भिवंडीत क्षयरोग कसा पसरतो, याचं गणिती मॉडेल बनवायची. निजामपुऱ्यातल्या लूम कामगारांच्या कोंदट खोल्यांचं गणित पटकन जुळलं, पण राहनाळसारख्या गोदामांच्या गावांचं काही केल्या जुळेना. तिथल्या बहुतेक रुग्ण नव्या नवऱ्या होत्या आणि एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

शेवटी ऋतिकाने मॉडेलमध्ये एक माणूस घातला, गावोगाव फिरून गर्दीत बसणारा. आलेख रुग्णांच्या आकड्यांवर चपखल बसला. स्वतःवर खूश होऊन ती चहा प्यायला उठली, आणि जाता जाता तिने रुग्णांच्या माहेरांची नावं वाचली. ती उठली तशीच खाली बसली. त्या प्रत्येक दारात हळदीला आईला स्कूटरवरून तिनेच सोडलं होतं.

ती घरी आली तेव्हा आनंदीबाई नवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर प्रितेशची, म्हणजे ऋतिकाच्या भावाची, तान्ही लेक.

"आलीस? मानकोलीला सोड मना. हलद हाय."

"आई, आज जायचं नाही. आधी तुझी थुंकी तपासायची. टीबी असेल."

"कोन बोलला?"

"माझं गणित."

"तुझं गणित मना कवा भेटलं? मी न्हाय गेली तं पोरीला हलद कोन लावल?" असं म्हणत त्यांनी खोकल्याची उबळ पदरात दाबली आणि नातीच्या तोंडाशी वाकून धवला धरला. रोज संध्याकाळी त्या असंच गायच्या.

मॉडेलमध्ये ऋतिकाने सगळी गावं घेतली होती, स्वतःचं घर तेवढं घेतलं नव्हतं. पोर बाळसं धरत नाही, म्हणून घरचे महिनाभर तिची दृष्ट काढत होते.

"तिला माझ्याकडे दे," ती म्हणाली.

आनंदीबाई गाता गाता थांबल्या. त्यांनी पोर उचलून दिली. पोरीचं अंग तापलेलं होतं.