देवरावकाकांचा ‘रो’

देवरावकाकांना कुठलीही गोष्ट बेताची अशी कधी लागलीच नाही. खामगावात ते आमचे सख्खे शेजारी, कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीतून निवृत्त झालेले. वरण गरम असलं की जीभ भाजली, पंखा मंद झाला की जीव गेला. त्यांचं बोलणं अर्धं करून ऐकायचं, असा आमच्या गल्लीचा नियमच होता.

त्यात त्यांना आयर्लंडहून रसद मिळाली. त्यांची मुलगी तिकडे नर्स आहे आणि नातू शाळेत आयरिश भाषा शिकतो. शब्दाच्या आधी ‘रो’ लावला की ती गोष्ट प्रमाणाबाहेर झाली, असं त्याने आजोबांना फोनवर सांगितलं. काका हरखले. “आपल्या ‘अति’चा भाऊ तिकडं राह्यते बे,” ते मला म्हणाले. तेव्हापासून ऊन रो-कडक, मिरची रो-तिखट आणि मी रो-आळशी. भाजीवाल्यालाही ‘रो-महाग, रो-महाग’ करून त्यांनी बेजार केलं.

मग उन्हाळ्यातली ती दुपार. काकू पापड लाटत होत्या, मी पेपर मागायला गेलो होतो. काका छातीवर हात ठेवून ओट्यावरून आत आले. “जरासं दुखून राह्यलं,” म्हणाले. “काही नाई. पडतो थोडा.”

चला, आज तक्रार लहान आहे, म्हणून मला हायसं वाटलं. काकूंच्या हातातलं लाटणं मात्र गळून पडलं.

“हे जरासं म्हणून राह्यले,” त्या म्हणाल्या. “गाडी काढ बाप्पा. आत्ताच्या आत्ता.”

“काऊन घाई करतं बे?” काका गाडीत पुटपुटले. त्यांचा तो बारीक आवाज ऐकून मी गाडी आणखी दामटली.

हृदयविकाराचा झटका होता. वेळेत आणलंत म्हणून वाचले, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा मी बाकावर बसून चक्क रडलो. काकू रडल्या नाहीत. त्यांनी आधी मुलीला फोन लावला आणि मग त्या घोटभर पाणी प्यायल्या.

काका आता ठणठणीत आहेत आणि पथ्याच्या जेवणावरून दिवसभर भांडतात. परवा भिंतीपलीकडून इतका आरडाओरडा झाला की मी डोकावून विचारलं, “काकू, तुमाले तरास नाई होत?”

त्या शांतपणे भेंडी चिरत होत्या.

“बोलू दे बाप्पा,” म्हणाल्या. “ओरडून राह्यले तोवर मले कायचा घोर?”