येते ती बाहेर

“घाबरू नका, येते ती बाहेर.” अक्कांच्या हातात ते पुस्तक असलं आणि आपण नुसतं डोकावलं, तरी हे वाक्य ऐकावंच लागायचं. ‘ती’ कोण, कुणी विचारलेलंसुद्धा नसायचं!

मी पासष्टच्या सुमारास जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले, तेव्हा ट्रंककॉलच्या बोर्डावर अक्का सगळ्यांत जुन्या. साऱ्या जिल्ह्याच्या बातम्या त्यांच्या कानावरून जायच्या. वाईटच जास्त, कारण चांगल्या बातमीला लोक पोस्टकार्डावर भागवत. मधल्या सुट्टीत आम्ही मुली भरीत-भाकरीवर तुटून पडायचो आणि अक्का चष्मा पुसून त्यांच्या लहानपणीचं ते पुस्तक उघडायच्या. एक गुराखी मुलगी किल्ल्याच्या भुयारात शिरते आणि तिचा कंदील विझतो, एवढीच गोष्ट. अक्का सोनगीरच्या. तो किल्ला आपल्याच गावचा, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. म्हटलं, अक्का, पन्नाशी आली, पोरांचं पुस्तक किती वेळा वाचाल? त्या चिडल्या नाहीत.

“अगं, दिवसभर लाइन जोडते, पुढं काय ऐकू येईल ते ठाऊक नसतं. इथं बठ्ठं ठाऊक शे.” बठ्ठं म्हणजे सगळं; अक्कांच्या बोलण्यात गावाकडची अहिराणी अशी मधूनच डोकावायची.

एकदा मीच ते वाचायला मागितलं. अंधार झाला, मुलीने हाक मारली, आणि पुढे पुठ्ठा. शेवटची पानंच नव्हती! अक्का हसल्या. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, जत्रेतून आणलं तेव्हापासूनच ती पानं नव्हती म्हणे. मुलगी बाहेर येते, हे आबांनी सांगितलेलं. म्हणजे शेवट कुणी वाचलाच नव्हता. मला उगाच कसंतरी झालं.

चार-पाच वर्षांनी चुका सुरू झाल्या. धुळ्याचा कॉल अक्कांनी भुसावळला जोडला, आणि बाप अत्यवस्थ म्हणून रडणारा माणूस एका केळीच्या व्यापाऱ्याशी बोलत राहिला. तेव्हा आम्ही हसलो, देव क्षमा करो. दुसऱ्यांदा मी गुपचूप त्यांची वायर काढून नीट लावली. तिसऱ्यांदा त्या वायर हातात धरून बोर्डाकडे नुसत्या पाहत बसल्या. त्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं, मी मुद्दाम डोकावले, पण नेहमीचं वाक्य आलं नाही. तुमच्याही पाहण्यात असं माणूस आलं असेल, तर त्या गप्प बसण्याची भीती तुम्हाला वेगळी सांगायला नको.

नोकरी सुटल्यावर त्या मेहरूणला भाचीकडे राहू लागल्या. मी भेटायला गेले तर भाची दारातच म्हणाली, दोन दिवस जेवल्या नाहीत, पुस्तक घेऊन बसल्यात. अक्का खाटेवर होत्या. शेवटचं पान, मग पुठ्ठा, पुन्हा तेच पान. मला त्यांनी ओळखलं नाही. बोलणंसुद्धा आता सगळं लहानपणीचं, सोनगीरचं.

“ती आजून अंधारमाच शे,” त्या म्हणाल्या.

“घाबरू नका अक्का, येते ती बाहेर.”

“तुले कोनी सांगं?”

तुम्हीच, असं ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

“मी वाचलंय,” मी म्हणाले.

 अक्कांनी पुस्तक मिटलं आणि भाचीकडे वरणभात मागितला. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. भाचीने पुस्तक त्यांच्यासोबतच चितेवर ठेवलं.

दोन वर्षांनी धुळ्याला, आग्रा रोडवर जुन्या पुस्तकांच्या गाडीवर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत दिसली. उचलली तर जाड लागली. शेवटच्या पानांसकट होती. मी वाचलंय, असं अक्कांना सांगून बसले होते; आता खरंच वाचायची माझी हिंमत नव्हती. पैसे दिले आणि तिथेच उभ्याउभ्या ती पानं चिमटीत धरून टरकन फाडली. बाई, पूर्ण होतं ना ते, म्हणून गाडीवाला हळहळला.

फाडताना एक चित्र नजरेला पडलंच. भुयाराच्या तोंडाशी अख्खं गाव कंदील घेऊन उभं होतं. त्यात ती मुलगी मला दिसली नाही. मी नीट पाहिलं नाही.