अण्णांचा खंडेनवमीचा फोटो

"मॅडम, तुमच्या मालकांच्या प्रोफाइलवरचा फोटो मोठा करून बघा. त्यांच्या मागं काय आहे ते बघा. मी लाइनवर आहे."

पारेखसाहेब एरवी असं बोलत नाहीत. ते आमचे मुंबईचे एजंट. परदेशी बायर आणि सोलापूरचा आमचा टॉवेलचा कारखाना यांच्या मधले. फोन केला की आधी सोलापुरात ऊन किती आहे ते विचारतात, मग कामाचं बोलतात. त्या दिवशी उन्हाचं नावही निघालं नाही.

मी पॅकिंगच्या टेबलापाशी होते. तिथंच लॅपटॉप उघडला. फोटोत अण्णा, म्हणजे आमचे मालक, पांढऱ्या धोतरात हात जोडून उभे होते. मागं झेंडूच्या माळा घातलेला नवा लूम, म्हणजे यंत्रमाग. आणि माळांच्या खाली, लूमवर, अर्धवट विणलेला टॉवेल. निळ्या जमिनीवर पांढऱ्या फांद्या आणि फांद्यांवर बसलेले छोटे पक्षी.

ते पक्षी अजून जगातल्या कुठल्याही दुकानात पोचले नव्हते.

"दिसलं?" पारेखसाहेबांनी विचारलं.

"दिसलं."

"आत्ताच्या आत्ता काढा."

यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं वाटेल. सांगते. मी या कारखान्यात मर्चंडायझर आहे. बायरला काय हवं ते कारखान्याला समजावणं आणि कारखान्याला काय जमेल ते बायरला समजावणं, हे माझं काम. मोठे बायर आपली नवी डिझाइन हंगामाच्या कितीतरी आधी आमच्याकडं विणायला देतात. माल दुकानात लागेपर्यंत ती बाहेर दिसता कामा नये, असा करार असतो. या पक्ष्यांच्या डिझाइनचा करार मीच अण्णांना मराठीत वाचून दाखवला होता. त्यांनी सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. याच ऑर्डरवर आमची दुसरी पाळी सुरू झाली होती. ऑर्डर गेली, की दुसऱ्या पाळीच्या विणकरांना घरी बसवावं लागणार होतं.

प्रोफाइलची सुरुवात त्याच आठवड्यातली. नोकरी-धंद्यातल्या लोकांची जी सोशल मीडिया साइट असते, तिच्यावर अण्णांचं नाव शोधलं तर सापडत नाही, असं एका बायरनं म्हटलं होतं. अण्णांना ते लागलं.

"अम्मा, माझं प्रोफाइल खोल," ते म्हणाले. अण्णांच्या घरी तेलुगू बोलतात, कारखान्यातल्या सगळ्या मुलींना ते अम्मा म्हणतात. "बाजूच्या कारखानदाराचं हाय म्हणं. माझंच न्हाई. मी काय मेलोय का?"

मी 'हो' म्हणाले. खरं तर माझं स्वतःचं असं एकही प्रोफाइल कधी नव्हतं. मी मोडनिंबची. वडिलांचं हायवेला पंक्चरचं दुकान. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इंटरव्ह्यूत माझं इंग्रजी तीनदा अडखळलं, तरी अण्णांनी मला ठेवून घेतलं. 'टॉवेल काय इंग्रजीत विणायचाय व्हय?' एवढंच म्हणाले होते. अशा माणसाला 'मला येत नाही' कसं सांगायचं? इंजिनिअर झालेल्या मुलीला हे येत असणारच, असं सगळे धरून चालले होते. मीही तसंच दाखवलं.

व्हिडिओ बघत बघत मी एकेक पान भरलं. साइट विचारत जाते आणि आपण उत्तर देत जायचं. ई-मेलमधले पत्ते आणू का? मला वाटलं, आणायचे असतात. हो म्हटलं. फोटो टाका. मी पासपोर्टचा काढला.

"ह्यो नको. ह्यात मी चोरावानी दिसतोय," अण्णा म्हणाले. "पूजेचा लाव की. मशिनसकट."

आमच्याकडं खंडेनवमीला लूमची पूजा होते. सगळे लूम पुसून घेतात, हळदकुंकू वाहतात, माळा घालतात आणि मालक मशिनपाशी उभं राहून फोटो काढतात. लूम बंद असतो, पण त्याच्यावरचं कापड कुणी कापत नाही. जे विणत असेल ते तसंच राहतं. वर्षानुवर्षं असे फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागलेत. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही, कारण भिंत सोलापुरातच होती.

गोल चौकटीत फक्त अण्णांचा चेहरा येत होता. मशिन दिसत नाही म्हणून ते रुसले. मग तोच फोटो मी वरच्या आडव्या पट्टीत लावला. सगळ्यांना कळवू का, साइटनं विचारलं. नाही म्हटलं तर सेव्ह होणार नाही, असं मला वाटलं. पुन्हा हो म्हटलं.

म्हणजे अण्णांना आजवर ज्या ज्या माणसानं मेल केला होता, त्या प्रत्येकाला तो फोटो गेला. बायर, रंगवाले, सूतवाले, प्रदर्शनात कार्ड देऊन गेलेले अनोळखी लोक, सगळे.

पारेखसाहेबांचा फोन ठेवून मी पट्टीवरचा फोटो काढला. बरं वाटलं. पान पुन्हा उघडलं तर तो खाली पोस्ट म्हणून तसाच होता. पट्टीतून काढला तरी पोस्ट राहते, हे मला माहीत नव्हतं. पोस्ट कशी काढायची ते शोधत होते, तेवढ्यात पानावर अण्णांचा आणखी एक फोटो आला. त्याच पूजेचा. या वेळी लूम आणखी जवळून.

मी केबिनकडं पळाले. अण्णा मोबाइल हातात घेऊन खुशीत बसले होते.

"पारेखनं मलाबी फोन केलता. त्यो फोटो काढा म्हणला. म्हणून मी दुसरा लावला. जमलं की मला!"

"अण्णा, ह्यातपण पक्षी आहेत!"

त्यांनी चष्मा वर केला, फोटो डोळ्याजवळ नेला. मग मोबाइल हळूच टेबलावर पालथा ठेवला. जणू पालथा ठेवला की कुणाला दिसणार नाही.

खाली अभिनंदनाचे मेसेज येत होते. मी एकेक पोस्ट उघडून काढत गेले. घाईत एकदा 'डिलीट'च्या शेजारचं 'शेअर' दाबता दाबता राहिले. काढण्याआधी सगळ्या प्रतिक्रियांचे स्क्रीनशॉट घेतले, ही एक अक्कल मात्र सुचली. त्यातच ती ओळ दिसली. एका परदेशी माणसानं लिहिलं होतं, छान पक्षी आहेत. त्याच्या नावावर क्लिक केलं. आमच्या बायरच्याच देशातला, दुसऱ्या एका मोठ्या दुकानाचा खरेदी अधिकारी.

पारेखसाहेबांना पुन्हा फोन लावला, स्पीकरवर.

"निघालं ना सगळं? मग आता गप्प बसा," ते म्हणाले. "बायरनं बघितलं असतं तर एव्हाना मेल आला असता."

"पण त्या दुसऱ्या दुकानवाल्यानं बघितलंय," मी म्हणाले.

"तो काय सांगायला जाणार आहे?"

"सांगणार नाही. हीच डिझाइन चोरून आधी बाजारात आणेल. मग आपल्या बायरला कळेलच, आणि आपल्याला आधीपासून माहीत होतं हेही कळेल."

फोन बंद झाल्यावर अण्णा खिडकीपाशी जाऊन शेडकडं बघू लागले.

"कळवलं आन् ऑर्डर गेली तर? दुसऱ्या पाळीला काय सांगू मी?"

"नाही कळवलं तर सगळंच जाईल, अण्णा. पुन्हा ते आपल्याकडं कुठलीच डिझाइन देणार नाहीत."

"तुला खात्री हाय?"

"नाही."

ते माझ्याकडं वळले. "खात्री न्हाई म्हणतीस, म्हंजे खरं बोलतीयस. लिही मेल. माझ्या नावानं लिही, तुझं नाव घालू नको."

मेल गेला. बायरच्या देशात तेव्हा ऑफिस नुकतंच उघडत असतं. डब्यातली कडक भाकरी मी तशीच झाकून ठेवली. दर थोड्या वेळानं इनबॉक्स उघडत होते. शेडमधून लूमचा आवाज येत होता, पक्षी विणले जात होते, आणि ते थांबवायचे की चालू ठेवायचे हेही मला ठरवता येत नव्हतं. उत्तर आलं ते दोन ओळींचं. मूळ फोटो पाठवा, स्क्रीनशॉट पाठवा, विणकाम थांबवा.

रात्रभर झोप लागली नाही. वडिलांचा फोन आला होता, त्यांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायरकडच्या अधिकारी बाईंनी व्हिडिओ कॉल केला. चेहरा कोरडा. पक्ष्यांची डिझाइन या हंगामात रद्द, म्हणाल्या. विणलेला माल कापून नष्ट करायचा, नुकसान कारखान्याचं. मी वहीत लिहीत होते. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, तुम्ही कळवलंत म्हणून आम्हाला जाहिरातीत आणि दुकानांच्या मांडणीत पैसे घालायच्या आधी थांबता आलं. दुसरी डिझाइन पाठवतोय, तेवढ्याच मालाची. पुन्हा असं झालं तर मात्र संपलं.

मी अण्णांना मराठीत सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हंजे दुसरी पाळी ऱ्हायली का?"

"राहिली."

"मग काप ते पक्षी."

माल कापायला दोन विणकर बसले. चांगले, मऊ टॉवेल. एकजण म्हणाला, "लई जिवावर येतंय ओ मॅडम. घरी तरी न्यू द्या की." नाही म्हणावं लागलं. बायरच्या मेलमध्ये शेवटची अट होती, माल नष्ट केल्याचा पुरावा म्हणून फोटो पाठवावेत. पण शेडमध्ये फोटोला कुणी मोबाइल बाहेर काढेना. शेवटी मीच काढले, चिंध्यांच्या ढिगाचे, आणि पाठवण्याआधी प्रत्येक फोटो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोठा करून बघितला.

आता नवीन मर्चंडायझर आली, की सोशल मीडियाचं काम मीच शिकवते. आधी तिला टाकलेलं काढायला शिकवते. ते जमलं, की मग टाकायला.